तळ्यात आपोआप आलेला प्रत्येक बारका मासा गप्पी नसतो

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश गटागटांतून फिरू लागतो. त्याचा सारांश असा: बागेतल्या छोट्या तळ्यात कुणीही न सोडता दिसू लागलेले बारके मासे म्हणजे गप्पी. बगळ्यांच्या पायांना चिकटून त्यांची अंडी येतात. ते आपल्याकडचेच मासे, फक्त डासांच्या अळ्या खातात. फार वाढले तर ओंजळभर उचलून जवळच्या ओढ्यात सोडा, गावाचे डास कमी होतील. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि शेवटच्या सल्ल्याने तर कायमचं नुकसान होतं.

आधी बगळ्याचं पाहू. गप्पी पाण्यात अंडी घालतच नाही. पिल्लं मादीच्या पोटात वाढतात आणि जन्मतःच पोहत बाहेर येतात. डासांसाठीच सोडल्या जाणाऱ्या गॅम्बुशिया या माशाचंही तसंच. मग बगळ्याच्या पायाला चिकटणार काय? चिलापीची (तिलापिया) मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिच्या बाबतीतही हे जुळत नाही. पक्ष्यांमुळे मासे पसरू शकतात याचा एक चांगला पुरावा आहे. 2020 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी बदकांना कार्प कुळातल्या माशांची अंडी खाऊ घातली. सुमारे 0.2 टक्के अंडी विष्ठेतून शाबूत बाहेर पडली, त्यांतल्या मोजक्यांतून पिल्लं निघाली. पण तो प्रवास पोटातून झाला होता, पायावरून नव्हे. आणि ते मासे अंडी घालणारे होते.

बहुतेक वेळा मासे येतात ते रोपांबरोबर. रोपवाटिकेतून आणलेली कुमुदिनीची कुंडी, हायड्रिला या पाणवनस्पतीची जुडी, सोबत पिशवीभर पाणी, एवढं पुरतं. गप्पीची किंवा गॅम्बुशियाची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते आणि साधारण महिन्याला एक वेत देते. म्हणजे नजरेतून सुटलेली एकच मादी पुढे तळं भरून टाकते. गोल्डफिशची चिकट अंडी पानांवर येतात. त्याची पिल्लं काही महिने मळकट हिरवी-तपकिरी असतात, म्हणून ओळखूही येत नाहीत. शिवाय शेजारच्या मुलाने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने चांगल्या भावनेने सोडलेले मासेही असतातच.

कोकणात आणखी एक रस्ता आहे, आणि तो खराच निसर्गाचा. पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ, म्हणजे ओढे, भरून वाहू लागले की मासे चढणीला लागतात, थेट भाताच्या खाचरांपर्यंत पोचतात. माशांची ही चढण, म्हणजे वलगण, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. व्हाळाच्या काठावरच्या बागेतल्या तळ्यात असे मासे शिरले तर नवल नाही. मरळीच्या कुळातले लहान मासे तर हवेतून श्वास घेत ओल्या जमिनीवरूनही सरकतात.

म्हणूनच आधी ओळख पटवावी. चहाच्या गाळण्याने दोन-तीन मासे काचेच्या बरणीत घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि बाजूने फोटो काढा. तळ्यात वरून पाहून काही कळत नाही, सगळे करडेच दिसतात.

पहिल्यांदा शेपटी बघा. ती मधोमध दुभंगलेली असेल तर मासा गप्पी नाही, गॅम्बुशियाही नाही. कार्प कुळातल्या आपल्या बहुतेक छोट्या माशांची शेपटी अशी असते, पण गोल्डफिशचीही असते. शेपटी गोलसर असेल तर पोटाखालचा मागचा पर पाहा. गप्पी आणि गॅम्बुशियाच्या नरात तो काडीसारखा बारीक झालेला असतो. गप्पीच्या नराच्या अंगावर नारिंगी, काळे, निळसर डाग असतात. गॅम्बुशियाचा नर मात्र मादीसारखाच करडा. घोळ होतो तो माद्यांत. फोटो मोठा करून शेपटीचा पर तपासा. त्यावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी दिसल्या तर बहुधा ती गॅम्बुशिया. गप्पीच्या मादीची शेपटी साधारणपणे कोरी, पारदर्शक असते.

मासा पृष्ठभागाला लागून स्थिर राहत असेल, डोकं चपटं असेल आणि वरून पाहताना डोक्यावर एक चंदेरी ठिपका चमकत असेल, तर तो पँचॅक्स. हा आपला मासा. डासांच्या अळ्या तोही आवडीने खातो. पाठीवरचा पर लांब, काटेरी आणि त्याच्या मागच्या भागात एक काळा डाग असेल, तर ते चिलापीचं पिल्लू.

आता ‘आपल्याकडचेच’ हा दावा. गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि आसपासच्या प्रदेशातला. गॅम्बुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातला, भारतात 1928 मध्ये आणलेला. दोन्ही मुद्दाम आणले, हिवतापाच्या डासांसाठी. गॅम्बुशिया तर जगातल्या सर्वांत घातक 100 परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

‘फक्त अळ्या खातात’ हे तर मुळीच खरं नाही. गॅम्बुशिया बेडकांची अंडी आणि लहान भैरे (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) खातो, मोठ्या भैऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, इतर माशांचे पर फाडतो, चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच बारीक कीटक) यांची पिल्लं फस्त करतो. आणि चतुराची पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्या खातात! ज्या तळ्यावर आपण बेडूक आणि चतुर यावेत म्हणून मेहनत घेतली, तिथले राखणदारच संपतात. गप्पी त्यामानाने सौम्य, पण तळं लहान असेल तर दाटी करून तोही तेच करतो.

डेंग्यूच्या भीतीने अनेकजण घाईत मासे सोडतात. ती भीती खोटी नाही. पण डेंग्यू पसरवणारा एडिस मुख्यतः घराभोवती साचलेल्या पाण्यात वाढतो: कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, टायर, उघडं पिंप. आठवड्यातून एकदा ही भांडी कोरडी केली तर तळ्यात मासे सोडण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. ओढ्याशी संबंध नसलेल्या सिमेंटच्या बंद टाकीत गप्पी ठेवायला माझा विरोध नाही, तिथे तो काम करतो.

ओढा, तलाव, नदी, पाझर असलेली विहीर, इथे मात्र एकही नको. एकदा वाहत्या पाण्यात पसरले की ते परत काढता येत नाहीत. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र न सापडणारे मासे आणि बेडूक आहेत, आणि त्यांच्याकडे दुसरी जागा नाही.

तळ्यात गॅम्बुशिया निघाला तर नुसत्या जाळीने तो संपत नाही. मे महिन्यात, बेडकांच्या विणीआधी, तळं पूर्ण उपसा. भैरे किंवा चतुराची पिल्लं दिसली तर हाताने वेचून बादलीत ठेवा. पाणी झाडांच्या आळ्यात सोडा, गटारात नको. चिखल चांगला वाळू द्या, कारण एखाद्या डबक्यातही पिल्लू तग धरतं. मासे मत्स्यालय पाळणाऱ्या कुणाला द्या किंवा बंद टाकीत ठेवा. तळं पुन्हा भरताना रोपांची मुळं आणि पानं स्वच्छ पाण्याच्या बादलीत नीट धुवा, काही दिवस ती वेगळ्या टबात ठेवून पाण्यात काही हलतंय का पाहा, आणि मगच तळ्यात लावा.