‘काहीच इन्स्टॉल केलं नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

प्रोजेक्टसाठी पायथन, नोड अशी प्रोग्रामिंगची टूल्स तुम्ही आमच्या दुकानात लॅपटॉपवर टाकून घेतली, आणि घरी पायथन चाललं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही अडकून पडले, त्याबद्दल सॉरी. मनापासून. पण "काहीच इन्स्टॉल केलं नाही, ६०० रुपये खाल्ले" असं तुम्ही लिहून राहिले, ते वाचून घास गिळवला नाही. आमचं दुकान नावावर चालते. त्यामुळे एवढ्याचं उत्तर देऊ द्या.

तुम्हीच टाकलेला फोटो नीट पाहा. कमांड टाईप करायच्या काळ्या खिडकीत पहिल्याच ओळीत सी ड्राइव्ह, मग यूजर्स आणि पुढे अकाउंटचं नाव दिसते. काउंटरवर तिथे वेगळं नाव होतं. म्हणजे घरी गेल्यावर तुम्ही विंडोजचं नवीन अकाउंट काढलं. काढा ना, लॅपटॉप तुमचा आहे. पण मग आम्ही काही टाकलंच नाही असं कसं म्हणता?

आपण कमांड टाईप केली की विंडोज ती पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांत शोधते. या यादीचा एक भाग पूर्ण मशीनचा असतो, दुसरा ज्याच्या-त्याच्या अकाउंटचा. नोड प्रोग्राम फाइल्समध्ये बसते आणि मशीनच्या यादीत जाते, म्हणून नवीन अकाउंटमध्येही चाललं. हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलं आहे! काहीच टाकलं नव्हतं, तर नोड आलं कुठून? पायथन मात्र नेहमीच्या पद्धतीने टाकलं की त्याच अकाउंटच्या फोल्डरात जाते. नोडसोबत येणाऱ्या एनपीएमने (टूल्स टाकायचा प्रोग्राम) ग्लोबल टाकलेली टूल्सही तशीच. नवीन अकाउंटला यातलं काही दिसत नाही, आणि पायथन टाईप केलं की विंडोज स्वतःहून मायक्रोसॉफ्टचं ॲप स्टोअर उघडते. तुमच्या फोटोत तेच स्टोअर आहे. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीत स्क्रिप्ट चालवण्यावरची बंदी आम्ही काढली होती, तीही त्याच अकाउंटपुरती. "लॅपटॉप आणखी कोणी वापरते का?" हे आमच्या दुकानातल्या पोट्ट्याने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणाले.

"पाच मिनिटांच्या कामाला दोन तास" हेही लागलं. व्हिडिओ पाहून कोणीतरी आधी पाथ बदलायला सेटएक्स ही कमांड चालवली होती. ती कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, त्यामुळे तुमचा पाथ मधूनच तुटलेला होता. तो हाताने जुळवला, जुनं अर्धवट पायथन काढलं, नव्याच्या इन्स्टॉलरमध्ये पाथची खूण केली (ती आपोआप केलेली नसते, निम्मी गिऱ्हाइकं त्यातच फसतात), आणि सगळ्या खिडक्या बंद करून नव्याने उघडल्या, कारण उघड्या खिडकीला जुनीच यादी माहीत असते. मग तुमच्यासमोर एकेका टूलचं व्हर्जन दाखवलं. तुम्ही तेव्हा फोनवर होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, खरं आहे. तान्हा पोळा होता. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नागपूरच्या महाल भागात शटर उघडून बसलो तरी तुम्ही गाडी घेऊन दारापर्यंत पोहोचले असते का? आणि फोनवर आवाज चढला म्हणता, तर तो मागे ढोल-ताशे वाजत होते म्हणून.

यापुढे घरी न्यायला एखादा कागद देता येईल का ते पाहतो, आणि जमेल तिथे सगळ्या अकाउंटसाठी टाकत जाऊ.

तोपर्यंत जुन्या अकाउंटमध्ये लॉगिन करा, नवीन खिडकी उघडा आणि पायथनचं व्हर्जन विचारा. तरी नाही चाललं तर अकरानंतर कधीही या, चार्जर सोबत आणा. नवीन अकाउंटमध्येही सगळं बसवून देतो, पैसे लागणार नाहीत. फक्त जुनं अकाउंट डिलीट करू नका, तुमचा प्रोजेक्ट त्याच्याच डेस्कटॉपवर आहे.