रोपनी, गुंठा आणि फाटकावरचे काका

सप्रेम नमस्कार,

काठमांडूतील जमिनीच्या व्यवहारांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, रोपनी-आणा ही तिथली जमीन मोजण्याची पद्धत म्हणजे मोजमाप नसून गोंधळ आहे आणि अशा मागासपणामुळेच तिथली माणसे आपल्याकडे रखवालदारीला येतात. शिवाय, रोपनी साऱ्या नेपाळात चालत नाही, हेही आपण दाखवून दिले आहे. ही दुरुस्ती मला मान्य आहे. रोपनी डोंगराळ भागातली, तराईत, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, बिघा, कठ्ठा आणि धूर चालतात.

गोंधळाचा आरोप मात्र मला मान्य नाही. १ रोपनी म्हणजे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाचे ४ दाम. रोपनीचे क्षेत्रफळ ५,४७६ चौरस फूट, म्हणजे ७४ फूट बाजूचा चौरस. आपला गुंठा तसाच ३३ फूट बाजूचा चौरस. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असूनही मुरबाड-शहापुराकडे जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो, घोडबंदर रोडवर घर चौरस फुटावर विकले जाते आणि रेती ब्रासने येते. आपल्या रुपयाचेही १९५७ पर्यंत १६ आणेच होते, आणि पिकाच्या पैसेवारीला गावाकडे अजून आणेवारी म्हणतात. या साऱ्याला आपण मागासपणा म्हणत नाही.

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या फाटकावर जे नेपाळी काका आहेत, त्यांना मी एकदा गावच्या जमिनीविषयी विचारले. ‘घराजवळ चार आणे,’ असे सांगून त्यांनी पाहुण्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर ३७ गुणिले ३७ मांडले, १,३६९ चौरस फूट काढले आणि म्हणाले, ‘तुमचा सव्वा गुंठा धरा.’ दोन देशांची मापे ज्याच्या जिभेवर आहेत, त्याला मागास म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो, हेही मला खटकते. गोरखा हा नेपाळातील एक जिल्हा आहे आणि काका तिथले नाहीत. ते इथे आले ते रोजगारासाठी, आणि येऊ शकले ते १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे, ज्याने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची व काम करण्याची मुभा दिली. त्याचा रोपनीशी काही संबंध नाही.

लेखातील ते चुकीचे वाक्य आज बदलले आहे आणि तराईचे कोष्टकही जोडले आहे: १ बिघा म्हणजे २० कठ्ठे, १ कठ्ठा म्हणजे २० धूर.