७० टक्के ब्लॉकेज काढ्याने ४५ वर आलं? रिपोर्ट नीट वाचा

सगळीकडे फिरणारा दावा असा: तीन महिने वनौषधींचा काढा घ्या, आधी आणि नंतर मानेचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज ७० वरून ४५ टक्क्यांवर आलेलं रिपोर्टातच दिसेल.

आधी हा आकडाच तपासू. अरुंदपणा व्यासावरून मोजतात, तसा छेदाच्या क्षेत्रफळावरूनही. क्षेत्रफळ ७० टक्के घटलं, तर व्यास सुमारे ४५ टक्केच घटलेला असतो. एका रिपोर्टात क्षेत्रफळ, दुसऱ्यात व्यास. आत काहीही न हलता सुधारणा तयार!

‘पण रक्ताचा वेगही उतरला.’ मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिनीमध्ये सर्वोच्च वेग सेकंदाला २३० सेंटिमीटरच्या वर गेला की ७० टक्के किंवा अधिक, १२५ ते २३० असला की ५० ते ६९ टक्के, असा रूढ निकष आहे. मात्र मशीन हा वेग ध्वनिलहर आणि रक्तप्रवाह यांच्यातल्या कोनावरून काढतं, आणि तो कोन तपासणारा पडद्यावर रेघ फिरवून लावतो. खरा कोन ६० अंश असताना रेघ ५० वर ठेवली, तर २४० चे १८७ होतात आणि रुग्ण थेट खालच्या गटात जातो. पहिल्या तपासणीवेळी ताप किंवा रक्तक्षय असेल, तर तेव्हाचा आकडा मुळातच फुगलेला.

‘रक्तवाहिनीची भिंत ०.९ ची ०.८ मिलिमीटर झाली.’ ही जाडी वर्षाला साधारण ०.०१ मिलिमीटरने वाढते. प्रोब (मानेवर टेकवायचं मशीनचं टोक) जरा तिरका पडला तरी याहून मोठा फरक येतो. शिवाय ठोक्यासरशी वाहिनी ताणली की भिंत पातळ दिसते, म्हणून मोजमाप हृदय शिथिल असतानाच्या चित्रावर घ्यायचं असतं.

‘वाहिनीत साचलेला थर दिसेनासा झाला, म्हणजे विरघळला.’ नाही. मऊ, चरबीयुक्त थर पडद्यावर रक्तासारखाच काळा दिसतो, आणि प्रवाह दाखवणाऱ्या रंगाचा गेन (संवेदनशीलता) वाढवला की रंग त्याच्यावरही सांडतो. गंमत म्हणजे हाच मऊ थर फुटण्याचा धोका जास्त.

गुग्गुळाचं नाव अशा काढ्यांच्या यादीत हमखास असतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) घटण्याऐवजी किंचित वाढलं होतं.

खरोखर तुलना करायची, तर मशीन तेच, तपासणारा तोच आणि काढ्याबद्दल त्याला काही न सांगितलेलं. कोन, बाजू, मोजलेली जागा आणि रक्तदाब दोन्ही वेळा नोंदवलेले. मध्ये किमान वर्षभर. तेवढ्या काळात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू झालं किंवा धूम्रपान सुटलं असेल, तर श्रेय काढ्याला देता येत नाही. आणि रिपोर्ट सुधारला म्हणून चालू ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन परस्पर बंद करू नये.