तिमाही निकाल कुणालाही फुकट पाहता येतात

‘कंपनीचे तिमाही निकाल फक्त ब्रोकरला मिळतात, नफा आधीच्या तिमाहीपेक्षा वाढला की शेअर घ्या’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. शेअर बाजारात लिस्टेड कंपनीला तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वार्षिक निकाल असेल तर ६० दिवसांत, नफा-तोट्याचे आकडे जाहीर करावेच लागतात. बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर ते फुकट दिसतात.

तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. ऊसपट्ट्यातल्या माणसांना हे पटकन उमगेल: साखर कंपनीचे गाळप हंगामातले आकडे पावसाळ्यातल्या आकड्यांशी कसे जुळणार? नफा धंद्यातून आला की जमीन विकून, हे ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ या ओळींत शोधा. आणि कळकळीची विनंती, तळटिपा वाचल्याशिवाय कष्टाचे पैसे घालू नका. ऑडिटरचा, म्हणजे हिशेब तपासणाऱ्याचा, शेराही तिथेच जोडलेला असतो.