जावयाची रायफल आणि पाचशे यार्ड: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे हे पहिल्या ओळीतच कळलं. पण त्यात नुसता राग नाही, मुद्देही आहेत. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कोलोराडोत एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला पहिल्यांदा जाणाऱ्यानं मॅग्नमच्या (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) नादी लागू नये, .३०-०६ किंवा ६.५ क्रीडमूर या बेताच्या काडतुसाची रायफल घ्यावी आणि तीनशे यार्डांपलीकडे (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) बार टाकू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं: ताडोबा-पेंचच्या दारात बसून शिकारीच्या गप्पा शोभत नाहीत. मी आयुष्यात मोठं जनावर मारलेलं नाही, तेव्हा कॅलिबर (नळीचं माप) शिकवणारा मी कोण? त्यांच्या आजोबांकडे .३७५ (इंच मापाची रायफल) होती आणि तिच्या एका बारात सांबर जागीच बसायचं. एवढ्या जनावराला ‘पेन्सिलीएवढी’ गोळी मारायला सांगणं म्हणजे त्याचे हाल करणं. आणि शेवटी, त्यांच्या डेन्व्हरच्या जावयाला दुकानदारानं .३०० पीआरसी ही मॅग्नम सुचवली आहे, ‘पाचशे-सहाशे यार्डांवर आरामात’ असं सांगून. तर ऐकायचं कुणाचं?

पहिला मुद्दा लवकर संपवतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची हौशी शिकारही उरली नाही, आणि ते योग्यच झालं. पिकं खाणाऱ्या रानडुकराची किंवा रोह्याची (नीलगाईची) परवानगी हे वेगळं प्रकरण आहे, ते वनखात्याच्या कागदावर चालतं, माझ्या लेखावर नाही. आणि खरं सांगू? विदर्भात जनावरं मरतात ती कॅलिबरनं नाही. शेताच्या कुंपणाच्या तारेत सोडलेल्या विजेनं आणि फासक्यांनी मरतात. तिथं बॅलिस्टिक्सचा, म्हणजे गोळीच्या शास्त्राचा, संबंध नाही. कोलोराडोत मात्र एल्क अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहेत, शिकार परवान्यावर आणि मोजून होते, खाण्याजोगं मांस वाया घालवणं तिथं गुन्हा आहे, आणि १९३७ च्या कायद्यानं बंदूक-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. आपले पोरं तिकडं आहेत, काही जण या नादाला लागतात, मराठीत विचारतात. मी मराठीत उत्तर देतो.

दुसरा मुद्दा. हो, मी एल्क मारलेला नाही, मारायची इच्छाही नाही. पण नागपूरच्या भोवती अंबाझरी, भंडारा, भद्रावती असा दारूगोळ्याचा मुलूख आहे, आणि माझी नोकरी त्याच धंद्यात, तपासणीच्या बाजूला गेली. गोळीचा वेग मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. शिवाय गोळीला हवेत काय होतं हे तिला झाडणारा शाकाहारी आहे की मांसाहारी यावर ठरत नाही.

आता आजोबांची .३७५. हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ साली काढलेलं हे काडतूस आजही उत्तम मानलं जातं, आफ्रिकेत रानरेड्या-हत्तीसाठी कित्येक देशांत तेच किमान आहे. पण आजोबांनी बार कुठून टाकले असतील ते आठवा. नवेगाव, नागझिरा, मेळघाट, कुठलंही रान घ्या: साग, बांबू, मचाण, नाहीतर हाका. जनावर चाळीस-पन्नास पावलांवर. तिथं ‘लांब पल्ला’ हा प्रश्नच कधी पडला नाही. तिथला प्रश्न वेगळा होता, जखमी वाघ किंवा अस्वल उलटून अंगावर आलं तर ते थांबलं पाहिजे. एल्क उलटून येत नाही, दरी ओलांडून पलीकडे जातो. थांबवणारी गोळी आणि लांबवर अचूक जाणारी गोळी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमचा सगळा युक्तिवाद पहिल्या कामाचा पुरावा दुसऱ्या कामाला लावतो.

शिवाय त्या काळी आपल्याकडे कॅलिबर जनावर बघून कमी आणि सरकार बघून जास्त ठरायचं. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात .४५० ची बंदी घातली, कारण त्याच मापाच्या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांकडे होत्या. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. .३०३ लष्कराची, म्हणून सामान्य माणसाला नाही, म्हणून आपल्या परवानाधारकांच्या नशिबी .३१५ आली: जड, बोथट नाकाची गोळी, बेताचा वेग. गावोगावच्या पाटील-मालगुजारांच्या वाड्यात ती दिसते ती काही शास्त्रशुद्ध निवड म्हणून नव्हे.

आणि ‘पेन्सिलीएवढी’. ६.५ ची गोळी .२६४ इंच जाडीची, .३०० पीआरसीची .३०८. फरक एका मिलिमीटरच्या आसपास. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या कॉर्बेटनं १९२६ मध्ये मारला तो .२७५ रिग्बीनं, म्हणजे सात मिलिमीटरच्या मौजरनं. स्वीडन-नॉर्वेत पिढ्यान्‌पिढ्या ६.५x५५ या काडतुसानं मूस (हरणाच्या कुळातलंच जनावर) मारतात, आणि मूस एल्कपेक्षा मोठा. नॉर्वेचा कायदा बघण्यासारखा आहे. गोळीचं वजन आणि शंभर मीटरवरची ऊर्जा तो ठरवून देतोच, पण दर वर्षी शिकाऱ्याची परीक्षाही घेतो: आधी सरावाचे तीस बार, मग शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात. कोलोराडोचा कायदा त्या मानानं ढिला आहे. एल्कसाठी किमान .२४ ची नळी, किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड (गोळीच्या ऊर्जेचं माप), बस्स. ‘एल्कला दीड हजार फूट-पौंड लागतातच’ असं जे तुम्ही ठणकावून लिहिलं आहे तो कायदा नाही, अमेरिकेतल्या मासिकांनी रूढ केलेला ठोकताळा आहे. तोही वाईट नाही. त्या हिशेबानं १४३ ग्रेनची ६.५ क्रीडमूर पावणेचारशे यार्डांच्या जरा पुढे संपते. मी तीनशे म्हटलं होतं, म्हणजे तुमच्याच मोजपट्टीत बसतो.

खरा मुद्दा आता येतो, आणि तो ऊर्जेचा नाहीच. वाऱ्याचा आहे.

समुद्रसपाटीची हवा धरून आकडे देतो, डोंगरात हवा विरळ असल्यानं ते थोडे कमी होतील, पण प्रमाण तेच राहील. आडवा वारा ओळखण्यात तुम्ही ताशी आठ किलोमीटरची चूक केली असं समजा. ही काही मोठी चूक नाही, कसलेले लोक करतात. पाचशे यार्डांवर ६.५ क्रीडमूरची गोळी त्यामुळं साडेसात इंच सरकते. .३०० विन मॅगमध्ये (विंचेस्टर मॅग्नम, पीआरसीसारखंच जोरदार काडतूस) २०० ग्रेनची गोळी घातली तर साडेसहा इंच. एवढा पैसा, एवढा धक्का सोसून कमावला किती? एक इंच. आता तीच ६.५ घेऊन दोनशे यार्ड पुढे सरका. तीनशेवर तीच चूक अडीच इंचांची होते. पाच इंच वाचले, आणि त्यासाठी फक्त पोटावर सरपटावं लागलं.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. आपल्या गालाला लागतो तो वारा एक, समोरच्या टाकीवरचा दुसरा, आणि पतंग जिथं आहे तिथला तिसराच. दरीच्या या काठावरून त्या काठावर बार टाकणाऱ्याला मधला वारा दिसतच नाही.

वेळेचंही तसंच. पाचशे यार्ड कापायला ६.५ च्या गोळीला ०.६४ सेकंद लागतात, .३०० विन मॅगला ०.६०. चालता एल्क तेवढ्यात तीन फुटांचं पाऊल टाकतो. फऱ्यामागं धरलेला नेम पोटात जातो, आणि पोटात गोळी बसलेलं जनावर कोणत्याही कॅलिबरनं तासन्‌तास मरत राहतं. .३०० पीआरसीनंसुद्धा. हाल म्हणता ना, ते इथं होतात.

गोळी फुलण्याचा एक हिशेब आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाही. शिकारीची गोळी अंगात शिरल्यावर पुढून उमलली पाहिजे, तेव्हाच ती रुंद जखम करते. त्यासाठी तिला किमान वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला अठराशे फुटांच्या आसपास, अख्ख्या तांब्याच्या काही गोळ्यांना दोन हजारांपर्यंत. त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते. जावयाला सांगा, कॅलिबरपेक्षा डब्यावर गोळीचं नाव काय आहे ते आधी वाच, मग बनवणाऱ्यानं तिचा किमान वेग काय दिला आहे ते शोध. पल्ल्याची हद्द तिथं लिहिलेली असते.

धक्क्याबद्दल तुम्ही लिहिलं आहे, ‘मर्दाला धक्क्याची काय पर्वा’. भाऊ, मर्दाच्या खांद्याला पर्वा नसेल, त्याच्या डोळ्याच्या पापणीला असते. आठ पौंडांच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या दुपटीहून जास्त बसतो. आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक जुने परवानाधारक आपली .३१५ घेऊन यायचे. चांगले धिप्पाड, आवाज खणखणीत. त्यांच्या गोळ्या सतत खाली डावीकडे जायच्या आणि ते दर वेळी रायफलीवरच्या दुर्बिणीला दोष द्यायचे. आमच्या प्रशिक्षकानं एकदा त्यांना न सांगता खऱ्या काडतुसांत एक नकली काडतूस घातलं. घोडा दाबला, नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, आणि बार झालाच नव्हता तरी नळीचं टोक चांगलं दोन बोटं खाली गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. डोळे गच्च मिटलेले. ते स्वतःच हसायला लागले, मग गप्प झाले. यात भित्रेपणा काही नाही, शरीर धक्का येण्याआधीच तयारी करतं. हलकी रायफल आणि मॅग्नम काडतूस ही जोडी ती सवय लावते, आणि एकदा लागली की सुटायला फार दिवस जातात.

धक्क्याचा दुसरा तोटा कमी लोक बोलतात. बार झाल्यावर दुर्बीण जनावरावरून उडते. गोळी कुठं लागली, जनावर कसं दचकलं, कोणत्या झाडामागं गेलं, हे दिसलंच नाही. आता पाचशे यार्ड उतरा, चढा, त्या उतारावर जा, आणि ते नेमकं कुठं उभं होतं ते शोधा. इकडून जे एकच झुडूप वाटत होतं तिथं तशी वीस झुडपं निघतात. रक्ताचा पहिला थेंब सापडला नाही की माणूस ‘लागलीच नसेल’ म्हणून परततो. तुमच्या आजोबांच्या पिढीत जखमी जनावर टाकून येणाऱ्याला कुणी शिकारी म्हणत नसे. त्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या आजोबांच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच तीनशे यार्ड म्हणतो.

व्हिडिओत हजार यार्डांवर मारतात, हेही तुम्ही लिहिलं. मारतात. चुकलेले बार व्हिडिओत टाकत नाहीत. पोलादी पाटीवर दुसरी गोळी दुरुस्त करता येते, जनावरावर पहिलीच.

मग मॅग्नम कधीच नको का? तसं नाही. ज्याचा वर्षभर सराव आहे, वजनदार रायफल डोंगरात वाहायची तयारी आहे, आणि जो चारशे यार्डांवर कुठल्याही बसणीतून नेम धरू शकतो, त्यानं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम किंवा .३०० विन मॅग खुशाल घ्यावी. जड गोळी वाकडी लागली, हाडावर बसली, तर थोडी सवलत देते हे खरं आहे. पण तो माणूस दुकानदाराला कॅलिबर विचारायला जात नाही.

जावयासाठी माझं उत्तर असं. .३०-०६ घ्या. १९०६ पासून चालत आलेलं काडतूस आहे, अमेरिकेत बहुतेक दुकानांत मिळतं, १८० ग्रेनची चांगली बॉन्डेड (आतलं शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) गोळी एल्कला पुरून उरते. धक्का फार वाटला तर क्रीडमूर. दोनशे यार्डांवर शून्य करायचं, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी बसेल अशी दुर्बीण जुळवायची. वाचलेल्या पैशाची काडतुसं घ्यायची आणि टेबलावरून नाही, पाठपिशवीवर टेकून, बसून, गुडघ्यावर, दम लागलेला असताना झाडायची. जेवणाच्या कागदी ताटलीएवढं वर्तुळ, थंड नळीतली पहिली गोळी. ती ज्या अंतरापर्यंत दर वेळी ताटलीत बसते तेवढाच त्याचा पल्ला. दीडशे निघाला तर दीडशे. सराव त्याच उंचीवर करायचा जिथं शिकार आहे. गोळी किती पडते याचा समुद्रसपाटीचा तक्ता नऊ हजार फुटांवर जुळत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात ४५ अंशांत तापलेल्या दारूचा वेग तिथल्या बर्फातल्या दारूशी जुळत नाही.

आणि .३०० पीआरसी आधीच घेऊन टाकली असेल तर दुर्बिणीसकट तिचं वजन किती भरतं ते विचारून मला कळवा. साडेआठ-नऊ पौंड असेल तर ठेवू द्या, नळीच्या टोकाला ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) आणि कानाला संरक्षण लावून सराव करू द्या. सात पौंडांच्या आत असेल तर बदलून घ्यायला सांगा.