एका फ्लोटवर टाकी ‘ऑटोमॅटिक’ होत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कंट्रोलरवर पैसे कशाला घालवता? 10 अँपिअरचा छोटा रिले घ्या, गच्चीवरच्या टाकीत वर एक फ्लोट बसवा, मोटरची वायर रिलेतून न्या. एनओ घ्या नाहीतर एनसी, जमेल तसं.’ रिले म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आतला पॉइंट ओढणारा स्विच, आणि फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होऊन चालू-बंद होणारा स्विच. एनओ पॉइंट एरवी उघडा असतो आणि कॉइल ओढली की जुळतो, म्हणजे वीज जाऊ देतो; एनसी त्याच्या उलट.

रिलेवर 10 अँपिअर छापलेलं असतं हे खरं, पण तो आकडा हीटरसारख्या लोडचा. 1 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना 6-7 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कित्येक पट. तेवढ्या झटक्यांनी रिलेचे पॉइंट चिकटतात. मग फ्लोट वर येतो, कॉइल सुटते आणि मोटर तरीही चालूच! रिलेने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल ओढायची. मोटरचा करंट काँटॅक्टरने सोसायचा, तोही एसी-3, म्हणजे मोटरच्या लोडसाठीच्या वर्गातल्या.

एकच फ्लोट पुरतो, हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला. केबलवर लोंबणाऱ्या मोठ्या फ्लोटला वरखाली होताना थोडी तरी ढील मिळते. छोट्या उभ्या फ्लोटला ती जवळजवळ नसतेच. दोन बोटं पाणी उतरलं की मोटर सुरू, लगेच बंद, पुन्हा सुरू. पाणी हेलकावलं तर रिले नुसता टकटकत बसतो.

म्हणून फ्लोट दोन हवेत, आणि पाणी खाली गेल्यावर जुळणारे. वरचा फ्लोट कॉइलच्या सिरीजमध्ये. खालचा फ्लोट आणि रिलेचाच एक एनओ पॉइंट एकमेकांना पॅरलल. पाणी खालच्या फ्लोटच्या खाली गेलं की रिले ओढतो आणि स्वतःच्या पॉइंटवर स्वतःला धरून ठेवतो. वरचा फ्लोट उचलला गेला की सुटतो. मध्येच वीज गेली तर टाकी खाली उतरेपर्यंत मोटर पुन्हा लागत नाही. लोक याला बिघाड समजून वायरमनला बोलावतात!

एनओ की एनसी, यानेही फरक पडतो. कॉइल ओढलेली असतानाच मोटर चालेल असा पॉइंट निवडला, तर गच्चीवरची वायर उंदराने कुरतडली तरी मोटर थांबते. उलट जोडलं तर तीच तुटकी वायर टाकी ओसंडून वाहायला लावते.

खालच्या संपबद्दल, म्हणजे जमिनीतल्या टाकीबद्दल, मेसेजमध्ये अवाक्षर नाही. संपमध्ये पाणी असतानाच जुळणारा तिसरा फ्लोट त्याच सिरीजमध्ये घाला, नाहीतर संप कोरडा पडल्यावर पंप सुकाच फिरत राहील आणि आधी त्याचं सील जाईल.