वीस मुलाखतींचं संशोधनही तपासता येतं

पीएचडीच्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो: 'गुणात्मक संशोधन म्हणजे वीस जणांशी मारलेल्या गप्पा. नमुना छोटा, संशोधक हवं तेच काढतो आणि बरं-वाईट ठरवायला मापच नाही.' व्हायवालाही असंच विचारतात. मग मुलं घाबरतात आणि मुलाखतींच्या प्रबंधात टक्केवारी घुसडतात. हे नुकसान खरं आहे, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

आधी नमुना. किती टक्के बायका घरी बाळंत होतात, हे वीस मुलाखतींवरून सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तो प्रबंध परत पाठवावा. पण दवाखाना जवळ असूनही त्या का जात नाहीत, हे प्रश्नावलीच्या चार पर्यायांत मावत नाही. तिथे विचारायचं ते वेगळं: हीच माणसं का निवडली? दवाखान्यात गेलेल्या बायकाही घेतल्या का? दाई, सासू, नर्स यांचं ऐकलं का? ग्वेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ साली घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मुलाखतींनंतर नवं फारसं काही हाती येत नव्हतं. मात्र तो गट बराच एकसारखा होता. १२ हा आकडा पाठ करून कुठेही लावणं चूकच.

संशोधक हवं तेच काढतो, हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. समजा, बाळंतिणीची मुलाखत चालू आहे आणि सासू दारात तांदूळ निवडत बसली आहे. 'दवाखान्यात कोणी ओरडलं का?' 'नाही हो, सगळे चांगले आहेत.' कच्च्या अभ्यासात हे उत्तर 'समाधानी' या कोडखाली, म्हणजे उत्तराला लावलेल्या लेबलाखाली, जातं आणि विषय संपतो. चांगल्या अभ्यासात सासू तिथे होती याची नोंद असते. मुलाखत घेणारी त्याच दवाखान्याशी जोडलेली आशाताई होती का, हेही लिहिलेलं असतं. शक्य असेल तर बाळंतिणीशी एकटीला गाठून पुन्हा बोललेलं असतं, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर ती विसंगती निष्कर्षातही दिसते. निष्कर्षापासून थीम (सारख्या कोडांचा गट), कोड आणि मूळ वाक्य असं मागे मागे जाता आलं पाहिजे. वाट मध्येच तुटली तर अभ्यास कच्चा. एकही विरोधी आवाज नसलेला अहवाल मला तरी संशयास्पद वाटतो.

आता 'मापच नाही'. लिंकन आणि गुबा या अभ्यासकांनी १९८५ मध्येच विश्वासार्हतेच्या चार कसोट्या मांडल्या. मुलाखती आणि गटचर्चांच्या अहवालात काय असलंच पाहिजे, याची 'कोरेक' ही ३२ कलमी यादी २००७ पासून आहे. मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं, हाही तिच्यातला एक प्रश्न. आशांसारख्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या योजना कुठे अडतात आणि कशामुळे चालतात, यावरच्या ५३ गुणात्मक अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या आरोग्य संशोधनाचे आढावे काढणाऱ्या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केला. अशा आढाव्यातल्या प्रत्येक निष्कर्षावर कितपत भरवसा ठेवायचा, हे ठरवायला 'सर्क्वल' ही पद्धत आहे. ती चार गोष्टी बघते: मूळ अभ्यासांच्या पद्धतीतल्या उणिवा, निष्कर्ष आणि माहिती यांचा मेळ, माहिती पुरेशी आहे का आणि ती या प्रश्नाला लागू पडते का.

याद्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. कोरेक फक्त अहवालात काय लिहिलं ते बघते, काम कसं झालं ते नाही. 'सॅच्युरेशन गाठलं', म्हणजे आता नवं काही हाती येत नाही, असं एका ओळीत लिहिलं की तिथला चौकोन भरतो. परीक्षकांनी तिथेच थांबवून विचारावं: कितव्या मुलाखतीनंतर नवं काही आलं नाही, ते कशावरून ठरवलं, आणि त्यानंतर आणखी किती मुलाखती घेतल्या?